आधी हात पुढे आला

कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून सरकारी नोकरीत लागलो, तेव्हापासून औरंगाबादच्या छावणी भागातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावला आणि तो त्याच क्षणी शुद्ध झाला, ही गोष्ट वाचताना तुला काय वाटतं? विचारणाऱ्यांपैकी काहींना माझ्याकडून साक्ष हवी असते, अमक्या गावात प्रार्थना केली आणि चट्टा गेला, अशी. काही तरुणांना नेमकं उलट हवं असतं. मी हा आजार जवळून ओळखतो, तेव्हा निदान मी तरी सांगावं की असं काही घडत नसतं, अशी त्यांची अपेक्षा. नोकरी संपली, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी प्रश्न काही संपला नाही. पैठण, गंगापूर, वैजापूर, फुलंब्री या तालुक्यांत फिरताना माझ्या मनात त्याचं जे उत्तर तयार होत गेलं, ते इथं मांडतो आहे.

आमचं काम चट्ट्यापासून सुरू होतं. अंगावर एक फिकट किंवा लालसर चट्टा असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच माणूस तो दाखवायला येत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक हलकेच टेकवायचं आणि जिथं टेकलं तिथं बोट ठेवायला सांगायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर जातं. चट्ट्यावर टोक टेकलं की माणूस डोळे मिटून तसाच बसून राहतो, त्याला काही झाल्याचं कळतच नाही. निदान तिथं होतं. मग कोपरामागची नस चाचपायची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची, घोट्याच्या आतली. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने गोळ्या, त्याहून जास्त असतील तर बारा महिने. शंका असली तर घाटीच्या सरकारी रुग्णालयात पाठवायचं. गोळ्यांची पाकिटं महिन्याच्या हिशेबाने येतात आणि ती मोफत असतात. महिन्यातली एक मात्रा आमच्यासमोर घ्यायची, बाकीच्या घरी.

शास्त्राची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. हॅन्सन यांनी १८७३ साली नॉर्वेत या आजाराचा जंतू शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमीन आणि डॅप्सोन ही औषधं एकत्र द्यावीत असं सुचवलं आणि हजारो वर्षं माणसाला गावाबाहेर बसवणारा आजार गोळ्यांनी बरा होऊ लागला. उपचार सुरू झाले की रुग्णापासून इतरांना होणारा संसर्गही लवकरच थांबतो. मी नोकरीला लागलो तो या गोळ्यांच्या काळात. बऱ्या झालेल्या माणसाचं नाव नोंदवहीत उपचारमुक्त म्हणून लिहिण्याचं भाग्य माझ्या आधीच्या पिढीतल्या कर्मचाऱ्यांना फार कमी मिळालं.

आता मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातली ती गोष्ट पाहू. एक कुष्ठरोगी येशूजवळ येऊन गुडघे टेकतो. बरं करण्याची ताकद तुझ्यात आहे याबद्दल त्याला शंका नाही. तुझी तशी इच्छा आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं आहे. हा प्रश्न मी माझ्या रुग्णांच्या डोळ्यांत पाहिला आहे. औषध आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. समोरच्या माणसाला आपल्याला हात लावायची इच्छा आहे की नाही, हे ते न्याहाळत असतात. शुभवर्तमानात क्रम अगदी स्पष्ट दिला आहे. येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करतो, स्पर्श करतो, मग बोलतो, आणि त्यानंतर तो माणूस शुद्ध होतो. म्हणजे हात लागला तेव्हा तो अजून आजारीच होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्याला शिवणाराही अशुद्ध ठरत होता. नुसत्या शब्दाने बरं करणं येशूला जमत होतं. शताधिपतीच्या चाकराला त्याने न पाहताच बरं केलं. तरीही इथं त्याने हात लावला.

बॉलपेनने चट्टा तपासता येतो, पण नस चाचपायला स्वतःची बोटंच लागतात. तो रुग्णाचा हात हातात घेण्याचा क्षण असतो. गंगापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका प्रौढ माणसाचं कोपर धरून नस तपासत होतो. तपासणी संपली तरी त्याने हात मागे घेतला नाही. त्याची म्हातारी आई म्हणाली, "डाक्टर, याला कुनी शिवून लई दिस झाले." घरात त्याचं ताट वेगळं होतं, खाट गोठ्यात होती. त्या दिवशी मी त्याला अजून एकही गोळी दिली नव्हती. तरी काहीतरी सुरू झालं होतं. मार्कने हात आधी का लिहिला, हे मला बायबलच्या कुठल्याही भाष्यापेक्षा त्या घरात जास्त कळलं.

पैठणकडच्या गावांत हे समजावून सांगायला मला परकी गोष्ट लागत नसे. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं, त्या काळी अस्पृश्य मानलेल्या घरातलं पोर एकनाथांनी कडेवर उचलून घेतलं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाथांची ही गोष्ट काढली की घरातली म्हातारी माणसं माना डोलवायची आणि मग गोठ्यातली खाट घरात आणण्याचा विषय काढता यायचा. मी ख्रिस्ती आहे हे त्यांना माहीत होतं. नाथांनी उचललेलं पोर आणि येशूने शिवलेला कुष्ठरोगी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवताना मला कधी संकोच वाटला नाही, त्यांनाही वाटला नाही.

मार्कच्या गोष्टीत पुढे जे येतं त्याकडे आमच्या मंडळ्यांत फार कमी लक्ष जातं. येशू त्या माणसाला बजावतो की याचा गाजावाजा करू नको, जाऊन याजकाला दाखव. याजकाचं यातलं काम बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या १३व्या आणि १४व्या अध्यायांत सविस्तर लिहिलं आहे. डाग कातडीपेक्षा खोल दिसतो का, त्यावरचे केस पांढरे झालेत का, हे बघायचं. शंका असेल तर माणसाला सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा तपासायचं. हेच नियम कपड्यांवरच्या आणि घराच्या भिंतींवरच्या डागांनाही लावलेले आहेत. त्यामुळे तिथले बरेच आजार आज आपण कुष्ठरोग म्हणतो त्याहून वेगळे असावेत, असं अभ्यासक मानतात. ते खरंच असणार. पण तपासणीची शिस्त ओळखीची वाटते. डाग बघा, नोंद ठेवा, ठरलेल्या दिवशी पुन्हा बघा, मगच निर्णय द्या. येशूने बरं केलेल्या माणसाला त्या तपासणीतून सूट दिली नाही, त्याला तिकडेच पाठवलं. त्याच्या चमत्काराला तपासणीची भीती नव्हती.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण याच्या उलट घडलेलं मी पाहिलं आहे. गवंडीकाम करणाऱ्या एका तरुणाचे बारा महिन्यांचे उपचार चालू होते. चार-पाच महिन्यांत चट्टे फिके पडले. नातेवाइकांनी त्याला एका चंगाई सभेला नेलं. तिथं प्रार्थना झाली, तो बरा झाला असं व्यासपीठावरून जाहीर झालं आणि गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असंही त्याला सांगण्यात आलं. त्याने पाकिटं ठेवून दिली. काही महिन्यांनी त्याच्या कोपरामागची नस सुजली आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं. गावातल्या आशा स्वयंसेविकेने, म्हणजे आशाताईंनी, ते ओळखलं आणि मला फोन केला. नसेची ताकद जाऊन सहा महिने उलटले नसतील, तर प्रेडनिसोलोनने ती परत मिळण्याची चांगली आशा असते. तो वेळेत आला. बरीचशी ताकद परतली आणि त्याच्या हाती पुन्हा थापी आली.

त्याच्या घरी बसून मी मार्कचा पहिला अध्याय काढला आणि याजकाचा भाग दोनदा वाचला. येशूने बरं केलेल्यालाही तपासून घ्यायला पाठवलं होतं, तुला तर गोळ्यांचं पाकीट पूर्ण करायचं आहे, एवढंच म्हणालो. त्याला ते पटलं. चंगाई सभेला जाणाऱ्यांची चेष्टा करावी असं मला वाटत नाही. आजारी माणूस कुठेही हात पसरतो, दर्ग्यात जातो, देवीला नवस बोलतो, सभेला जातो. तो जातो यात दोष नाही. औषध सोड असं त्याला जो सांगतो, त्याचा दोष आहे, आणि तसं सांगणाऱ्याला शुभवर्तमानाचा आधार मिळत नाही.

विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस, हे वाक्य तर मला सर्वांत क्रूर वाटतं. बरं करण्याच्या गोष्टी एकेक करून पाहिल्या तर ते टिकत नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेला माणूस आहे. पाण्यात उतरवायला आपल्याला कुणी नाही, एवढीच त्याची तक्रार आहे. त्याला बरं कुणी केलं हेसुद्धा त्याला नंतरपर्यंत ठाऊक नसतं. मग त्याच्या विश्वासाची परीक्षा कोणी घेतली? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे उचलून आणतात, छप्पर उघडून खाली सोडतात, आणि येशू पाहतो तो त्या आणणाऱ्यांचा विश्वास. आमच्या जिल्ह्यातल्या आशाताई मला त्या चौघांच्या जागी दिसतात. घरोघरच्या शोधमोहिमेत एक आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक अशी जोडी फिरते. बायकांच्या मांडीवरचे, पाठीवरचे चट्टे आशाताईंनाच दाखवले जातात. त्या नसत्या तर ते कुणाला दिसलेच नसते.

रुग्ण मला गोळ्यांबद्दल जेवढे प्रश्न विचारत, त्याहून जास्त वेळा एकच प्रश्न विचारत. "मी कुनाचं काय वाईट केलं होतं?" घरच्यांच्या मनातही तेच असे, मागच्या जन्मीचं, आईबापाचं, कुणाच्या तरी शापाचं. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं की पाप याचं की याच्या आईबापांचं. योहानाच्या नवव्या अध्यायात येशू दोन्ही नाकारतो आणि लगेच कामाला लागतो. थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो. मीही त्या प्रश्नाला तसंच उत्तर द्यायचो. कुणाचंच पाप नाही, हा जंतू आहे, श्वासावाटे शरीरात शिरतो, बहुतेकांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद असते, काहींच्या नसते. आणि बोलता बोलता तपासणी सुरू करायचो. दोष कुणाचा यावर चर्चा करत बसलो असतो तर नस तपासायची राहून गेली असती.

तरीही सगळे पूर्ण बरे होत नाहीत, हे मला लपवायचं नाही. गोळ्यांनी जंतू मरतो, पण मेलेली नस जिवंत होत नाही. भाकरी थापणाऱ्या एका काकूंच्या हाताला तव्याची आच कळत नव्हती. बोटं भाजायची, जखमा चिघळायच्या, आणि गावाला वाटायचं की रोगाने बोटं झडताहेत. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप गळत नाहीत. वेदना कळत नसल्याने रोज होणाऱ्या इजांमुळे ती झिजतात. वाकलेली बोटं स्नायुबंध हलवून सरळ करण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केली. ब्रँड स्वतः मिशनरी आईबापांच्या पोटी तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले होते. त्यांच्या या शोधामुळे आमच्या कामात तवा धरायला जाड फडकं, लाकडी दांड्याचं उलथनं, मऊ रबराच्या तळाच्या चपला, रोज हातपाय पाण्यात भिजवून घासून तेल लावणं, हे सगळं आलं. काकूंनी हे मनापासून पाळलं. नव्या जखमा थांबल्या, पण गेलेली पेरं गेलीच.

अशा माणसांना चमत्काराच्या गोष्टींत जागा कुठे आहे? मी पुष्कळ काळ शोधत होतो आणि ती नव्या करारातच सापडली. प्रेषित पौलाच्या शरीरात कसलासा काटा होता. त्याने तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला तर त्याला मिलेत शहरात मागे ठेवावं लागलं. तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीसाठी पौलाने प्रार्थनासभा सुचवली नाही, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. लूक तर वैद्यच होता. पहिल्या पिढीतल्या माणसांनी हे सगळं दडवून ठेवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर अधिक विश्वास बसतो. काही बरे झाले, काही झाले नाहीत, आणि न बरे झालेल्यांना कुणी मंडळीबाहेर काढलं नाही.

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी मला घरी परतण्याविषयी शिकवतात. त्यांच्यात एक शोमरोनी होता, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्या लोकांतला. निरोगी असते तर बाकीचे त्याच्याशी बोललेही नसते. आजाराने त्यांना एका टोळीत आणलं. कुष्ठरुग्णांच्या वसाहतींत हेच दिसतं, तिथं वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसं एका ओळीत राहतात आणि एकमेकांच्या जखमा बांधतात. येशू दहाही जणांना याजकाकडे जायला सांगतो, तेव्हा त्यांच्या अंगावर अजून काही फरक पडलेला नसतो. ते निघतात आणि वाटेत शुद्ध होतात. आमच्या रुग्णांचंही असंच असतं. क्लोफाझिमीनने आधी कातडी काळवंडते, रिफाम्पिसिनच्या दिवशी लघवी लाल होते, चट्टा मात्र लगेच जात नाही. तरी वाट चालत राहायची असते. दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्यांना मी मुक्काम संपेपर्यंतची पाकिटं मोजून बांधून द्यायचो आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यायचो. त्यांतले बहुतेक जण रिकामी पाकिटं घेऊन परत यायचे.

पण बरं झाल्यावर त्या दहांचं काय झालं? शोमरोनी परत आला हे लूक सांगतो. बाकीचे नऊ आपापल्या घरी, आपापल्या जातीत मिसळून गेले असावेत. आजारपणात जो शेजार मिळाला होता, तो आरोग्याने मोडला. आणि शोमरोन्याला यहुद्यांच्या मंदिरात जागाही नव्हती. बरं होणं आणि घरी स्वीकारलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी उपचारमुक्त झालेल्या किती तरी माणसांच्या दारात पाहिलं. कायद्यालाही हे उमगायला फार वेळ लागला. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण उरलं नाही ते २०१९ साली, आणि ज्या कायद्यांतून तेव्हा ते काढलं गेलं त्यांत ख्रिस्ती लोकांचा घटस्फोट कायदाही होता. ज्या समाजाच्या शास्त्रात कुष्ठरोग्याला हात लावल्याची गोष्ट आहे, त्या समाजाने हे लक्षात ठेवायला हवं.

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवलं. औरंगाबादेत पारशी कुटुंबातून आलेले रेव्ह. रतनजी नवरोजी चर्च मिशनरी सोसायटीचं काम करत होते. त्याच काळात अंबाल्यात कुष्ठरुग्णांना पाहून हेलावलेल्या वेलस्ली बेली यांनी १८७४ साली जे मिशन सुरू केलं, त्याची रुग्णालयं पुढे अमरावती जिल्ह्यातल्या कोठाऱ्यापर्यंत पोहोचली. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि बाबा आमट्यांचं आनंदवन वेगळ्या श्रद्धेतून उभं राहिलं, पण हात पुढे करण्याची कृती तीच होती. या सगळ्यांकडे कुठलाही चमत्कार नव्हता आणि बेलींच्या काळात तर औषधही नव्हतं. आजार्‍याला शिवणं त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी केलं.

म्हणून मंडळीतल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. येशूने त्या माणसाला बरं केलं यावर माझा विश्वास आहे. ते कसं घडलं हे मला समजावून सांगता येत नाही आणि तसं घडवून आणणं माझं काम नाही. पण त्या गोष्टीत जे माणसाला करता येण्याजोगं आहे ते लिहून ठेवलेलं आहे. आजारी असतानाच त्याला हात लावायचा. तपासून घ्यायला पाठवायचं. तो आपल्या माणसांत परत जाईल हे पाहायचं. मार्क शेवटी सांगतो की त्या माणसाने सगळीकडे बातमी पसरवल्यावर येशूलाच गावात उघडपणे जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. बाहेरचा माणूस आत गेला आणि आतला बाहेर राहिला. दुसऱ्याला घरी पोहोचवण्याची काही किंमत असते, आणि ती स्वखुशीने द्यावी लागते.

देशाने २००५च्या अखेरीस कुष्ठरोग निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. पुष्कळांनी त्याचा अर्थ आजार संपला असा घेतला. तो संपलेला नाही. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं लागतात, कधी वीसही. लहान मुलांच्या अंगावर अजून नवे चट्टे सापडतात. जानेवारीतला शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो, आपल्याकडे ३० जानेवारीला गांधीजींच्या स्मृतिदिनी. शहरातल्या सगळ्या पाळकांना माझी विनंती आहे. त्या रविवारी मार्कचा पहिला अध्याय वाचा, प्रार्थना करा, आणि त्याच व्यासपीठावरून हेही सांगा की अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर या आठवड्यातच जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गोळ्या मोफत मिळतात, आजार पूर्ण बरा होतो आणि लवकर आलात तर हातपाय शाबूत राहतात. उपासना संपल्यावर कुणी चट्टा दाखवायला जवळ आलं, तर आधी त्याचा हात हातात घ्या.